सैगा रायफल आणि ९२२(आर): पाच भागांचा अमेरिकन संच घ्यावा का?

रशियाहून आलेली सैगा (७.६२×३९) अमेरिकेत आता फक्त सेकंडहँड मिळते. जुलै २०१४ मध्ये कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले आणि नवी आयात बंद झाली. आधीच आलेल्या रायफली बाळगायला त्या निर्बंधांची आडकाठी नाही. त्या आल्या शिकारी रूपात: साधा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), वेगळी पिस्टल ग्रिप नाही, कमी गोळ्यांचं मॅगझिन. तिला एकेएमसारखं (एके-४७ ची सुधारित लष्करी आवृत्ती) रूप द्यायला घेतलं की फेडरल कायद्याचं कलम ९२२(आर) लागू होतं.

आयातीला मनाई असलेल्या प्रकारची सेमी-ऑटोमॅटिक रायफल परदेशी भागांतून जुळवायची नाही, असं हे कलम सांगतं. नियम ४७८.३९ मध्ये २० भागांची यादी आहे. त्यातले १० पेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत. स्क्रू, स्प्रिंगा, साइट, सेफ्टी लिव्हर यादीत नाहीत, त्यामुळे ते अमेरिकन घेऊन हिशोबात काही फरक पडत नाही. जाणूनबुजून मोडल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

पिस्टल ग्रिप लावलेल्या सैगात यादीतले भाग १५ भरतात: रिसीव्हर (मुख्य सांगाडा), बॅरल, ट्रनियन (रिसीव्हरच्या टोकाचा जोडठोकळा), बोल्ट, बोल्ट कॅरिअर, गॅस पिस्टन, ट्रिगर, हॅमर, डिस्कनेक्टर, दस्ता, ग्रिप, फोरएंड, मॅगझिनची बॉडी, फॉलोअर आणि तळपट्टी. म्हणजे किमान पाच अमेरिकन हवेत. नळीच्या तोंडावर फ्लॅश हायडर लावलात तर भाग १६ होतात, म्हणून तोही अमेरिकनच घ्या.

आमची पसंती एएलजी डिफेन्सचा एकेटी ट्रिगर, मॅगपुलची एमओई ग्रिप आणि अमेरिकन बनावटीचा दस्ता या संचाला. एकट्या ट्रिगर संचात ट्रिगर, हॅमर, डिस्कनेक्टर असे तीन भाग मोजले जातात. शिवाय मूळ ट्रिगरपेक्षा तो दाबायला बराच स्वच्छ आहे. ग्रिप आणि दस्ता धरून पाच पूर्ण. दस्ता मात्र घाईने मागवू नका. मागच्या ट्रनियनची ठेवण सगळ्या एके रायफलींत सारखी नसते, आणि दस्ता सैल बसला तर रायफल वापरायच्या लायकीची राहत नाही. इतर कंपन्यांचे डबल हुक ट्रिगर (हॅमर धरणारे दोन आकडे असलेले) स्वस्त दिसतात, पण त्यांना रिसीव्हरच्या तळाला दोन्ही बाजूंना खाच लागते. खाच नसेल तर कानस चालवू नका, सिंगल हुक घ्या.

आकडा गाठण्यासाठी बोल्ट बदलायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. बोल्ट बदलला की हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसाच्या बैठकीतलं अंतर) बदलते आणि गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडणं धोक्याचं असतं. गॅस पिस्टन हा त्यापेक्षा बरा पर्याय आहे. तो कॅरिअरमध्ये पिनने बसतो, आणि बसवल्यावर थोडा हलला तर काळजी नको, तो हलायलाच हवा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती मॅगझिनमध्ये. मॅगपुलचं पीमॅग अमेरिकन आहे, म्हणून एका फटक्यात तीन भाग मोजता येतात आणि बाकी खर्च वाचतो असं वाटतं. पण त्याच रायफलीत उद्या जुनं रोमानियन किंवा बल्गेरियन मॅगझिन घातलं की तीन परदेशी भाग परत येतात आणि परदेशी भागांचा आकडा १० वरून १३ वर जातो. मॅगझिन परदेशी धरूनच गणित बसवा. मग कुठलंही घातलं तरी हिशोब बिघडत नाही. पीमॅग घ्यायचंच असेल तर जेन एम३ घ्या, त्याच्या पकडीच्या कडांना पोलादाचा आधार आहे.

लांबीचा नियम वेगळा आहे: नळी १६ इंच आणि एकूण २६ इंच यापेक्षा कमी नको. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत राज्याचे कायदे याहून कडक आहेत. तिथे ९२२(आर) पाळूनही रायफल बेकायदेशीर ठरू शकते.

तिकडच्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-१बी व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई नाही. आणि सुट्टीवर येताना काढलेला ट्रिगर किंवा ग्रिप बॅगेत टाकून भारतात आणू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात.

प्रत्येक अमेरिकन भागाची पावती आणि ‘मेड इन यूएसए’ छाप असलेलं पाकीट जपून ठेवा. बऱ्याच भागांवर शिक्का नसतो, आणि रायफल पुढे विकताना घेणारा हेच मागतो.