केंद्र, गोळ्या की एए? दारू सोडवताना काय निवडायचं

"कुठल्या केंद्रात टाकू ह्यांना?" ओळखीतली एखादी बाई हळूच विचारते, तेव्हा मला आमचं घर आठवतं. माझ्या नवऱ्याची दारू सुटून ११ वर्षं झाली. त्या वाटेवर आम्ही व्यसनमुक्ती केंद्र, गोळ्या आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे आपसातले गट) मीटिंगा, तिन्ही केलं. कुठलं काय देतं आणि कुठं अपुरं पडतं, ते सांगते.

आधी एक गोष्ट. माणूस रोज भरपूर पीत असेल, सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताचा कंप थांबत नसेल, तर घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास होतात, माणूस भ्रमात जातो, वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. तिथं विड्रॉवलची, म्हणजे दारू बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाची, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. निवड करायची ती यानंतरची.

केंद्राचा मोठा फायदा म्हणजे बाटलीपासून अंतर. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा. व्यायाम, समुपदेशन, गटचर्चा, ठरलेल्या वेळी जेवण आणि झोप. घरालाही श्वास घेता येतो. आमची चूक अशी झाली, की गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन यावी तसे हे परत येतील असं आम्ही धरून चाललो. घरी आल्यावर फॉलोअपला कुणी गेलंच नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली. केंद्रानं आम्हाला फॉलोअपचं सांगितलं होतं, ऐकलं आम्ही नाही. केंद्र निवडताना मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, हे विचारा. मारहाण होते असं कानावर आलं तर तिथं पाऊलही टाकू नका.

नोकरी सोडता येत नसेल, घरात लक्ष ठेवणारं कुणी असेल आणि विड्रॉवल फार तीव्र नसेल, तर बाहेरून उपचार घेणं मला जास्त पटतं. मानसोपचारतज्ज्ञ डायसल्फिराम देतात. ती गोळी घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच ती भाजीत किंवा चहात लपवून कधीही देऊ नका, जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे सकाळच्या चहाच्या बशीत गोळी असायची. हे माझ्यासमोर घ्यायचे आणि रिकामी बशी पुढं सरकवायचे. दिवसभरातला दारूचा निर्णय तिथंच होऊन जायचा. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट वेगळी, ती ओढ कमी करतात. यकृत आणि मूत्रपिंड तपासून डॉक्टर ठरवतात. पण गोळी थांबली की तिचं काम थांबतं, आणि सासऱ्यांशी भांडण झाल्यावर काय करायचं ते गोळी शिकवत नाही.

ते शिकवलं एएनं. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केलेली ही चळवळ फी घेत नाही, आडनाव विचारत नाही. शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर बसलेली मोठी माणसं. एक जण उठून म्हणतो, "मी मद्यपी आहे. आजचा दिवस प्यायलो नाही." ह्यांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मान खाली घालून रडत होते. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. तिथं मला कळलं, की खिसे तपासणं हे माझं काम नव्हे. उणीव म्हणाल तर एएतली उच्च शक्तीची, म्हणजे आपल्याहून मोठ्या कुणावर तरी भरवसा टाकण्याची, भाषा काहींना रुचत नाही, आणि सोबत नैराश्य वगैरे असेल तर मीटिंग पुरेशी नाही. मीटिंगमधला कुणी "गोळ्या कशाला?" म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका.

मधे स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायले, तर पैसे पाण्यात गेले असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के होतं. रक्तदाब आणि दम्याचा त्रास पुन्हा उफाळण्याचं प्रमाणही साधारण त्याच पातळीवर. साखर वाढली म्हणून आपण आईला घराबाहेर काढत नाही, डोस आणि पथ्य पुन्हा बघतो. इथंही तेच.

म्हणून मला विचाराल तर, एकटा राहणारा, सकाळपासून पिणारा किंवा आधी बाहेरून उपचार फसलेला असेल त्यानं केंद्र घ्यावं. बाकीच्यांनी डॉक्टर आणि मीटिंग यांची जोडी धरावी. आणि केंद्रात पाठवलंत, तरी दाखल करतानाच फॉलोअपची तारीख आणि घराजवळच्या एए गटाचा वार, वेळ लिहून घ्या. डिस्चार्ज झाला त्याच संध्याकाळी बॅग घरी टेकवायची आणि मीटिंगला जायचं. कुठून सुरुवात करायची तेच सुचत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मराठीत बोलता येतं.