डॅम-डीसीएम नसलेल्या ई. कोलाय पेशी: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लोनिंग करताना नकाशात जागा दिसते, पण एक्सबा-वन किंवा क्ला-वन (ठराविक क्रमावर डीएनए कापणारी एन्झाइम्स) प्लाझमिडला, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएला, कापतच नाही, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. परळच्या आमच्या लॅबमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर डॅम आणि डीसीएम ही दोन्ही जनुकं निकामी केलेल्या कॉम्पिटंट (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) पेशी मागवल्या. आता दिवाळी उलटली. माझं मत: जरूर घ्या, पण रोजच्या कामाला वापरू नका.

नेहमीच्या ई. कोलायमध्ये डॅम हे एन्झाइम जीएटीसी क्रमातल्या एडेनिनवर मिथाइल गट बसवतं. डीसीएम हेच काम सीसीएजीजी आणि सीसीटीजीजीमधल्या दुसऱ्या सायटोसिनवर करतं. दोघांनाही मिथाइल पुरवतं एस-एडेनोसिल मिथिओनिन. आता एक्सबा-वनची जागा घ्या: टीसीटीएजीए. हिच्या पोटात जीएटीसी नाही, पण लगेच पुढे टीसी आलं की जीएटीसी तयार होतं आणि ती जागा बंद. आमच्या व्हेक्टरमध्ये (वाहक प्लाझमिडमध्ये) नेमकं तेच होतं. जुन्या तयारीत जेलवर न कापलेलं प्लाझमिड दिसायचं. तेच या पेशींतून काढून घेतल्यावर व्हेक्टर आणि इन्सर्टचे (त्यात घातलेल्या तुकड्याचे) दोन स्वच्छ बँड आले. बॅम-एच-वन या कापणाऱ्या एन्झाइमसाठी मात्र या पेशींची गरज नाही, त्याच्या जागेत जीएटीसी असलं तरी डॅमचं मिथाइल त्याला अडवत नाही.

मिथाइल बसवणारी एन्झाइम्स बेसपर्यंत पोचतात कशी, हे मला आजही थक्क करतं. 1994 मध्ये जीसीजीसी ओळखणाऱ्या हा-वन मिथाइलट्रान्सफरेजची डीएनएसकट रचना प्रसिद्ध झाली. त्यात आतला सायटोसिन दुहेरी सर्पिलातून पूर्ण बाहेर वळून एन्झाइमच्या खोबणीत शिरलेला दिसला, आणि रिकाम्या जागेत ग्लुटामिन येऊन बसलेलं. मग सिस्टीन सहाव्या कार्बनला चिकटतं, त्यामुळे पाचवा कार्बन मिथाइल घ्यायला तयार होतो. बाकीचा डीएनए फारसा न वाकवता एकच बेस उलटवायचा, किती नेमकं काम!

आता तोटे. ट्रान्सफॉर्मेशन (पेशींनी प्लाझमिड आत घेणं) नेहमीच्या पेशींपेक्षा बरंच कमी होतं, मिथाइल असलेलं प्लाझमिड दिलं की आणखीच. आमच्या स्ट्रेनमध्ये डॅम मोडण्यासाठी घातलेल्या तुकड्यात क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा प्रतिरोध आहे, म्हणून तो मार्कर असलेली प्लाझमिड्स इथे निवडता येत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे म्युटेशन. डीएनएची नक्कल होताना नवा धागा काही काळ मिथाइलविना असतो, त्यावरून म्यूट-एच हे दुरुस्तीचं एन्झाइम तो ओळखून कापतं आणि चूक दुरुस्त होते. डॅमच नसेल तर जुना-नवा कळायचा कसा? त्यामुळे यांत ग्लिसरॉल स्टॉक (गोठवलेला कायमचा साठा) ठेवू नका. मिनीप्रेप काढा (थोडं प्लाझमिड वेगळं करा), कापा, जोडा आणि पुन्हा डीएच-फाइव्ह-अल्फा या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये टाका, मग सिक्वेन्स तपासा.

पार्सलबद्दल: भर जुलैत विक्रेत्याकडून आलेल्या खोक्यातला ड्राय आइस जवळपास संपला होता. तक्रारीनंतर बदलून मिळालं. तेव्हापासून सकाळची डिलिव्हरी मागतो आणि खोकं उघडताच नळ्या थेट उणे 80 ला.

आणि साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिस (प्लाझमिडच्या ठरलेल्या जागी मुद्दाम बदल) करणाऱ्यांनी टेम्प्लेट, म्हणजे नक्कल करायचं मूळ प्लाझमिड, या पेशींतून मुळीच काढू नये. शेवटी टेम्प्लेट नष्ट करायला वापरलं जाणारं डीपीएन-वन एन्झाइम मिथाइल असलेलं जीएटीसीच कापतं. इथलं टेम्प्लेट न कापता तसंच राहील आणि प्लेटभर मूळ प्लाझमिडच्याच वसाहती उगवतील.