आर्वीचे पाटी नसलेले सायकल दुकान: शर्यतीच्या सायकलस्वाराने काय द्यावे, काय देऊ नये

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका रसवंतीला लागून, सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. त्याला पाटी नाही. 'चाचांचे दुकान' म्हणून विचारले की कोणीही दाखवून देतो. दारात जुन्या ट्यूबांची जुडी लटकलेली, खाली गढूळ पाण्याचे घमेले आणि भिंतीशी शाळकरी मुलींच्या सायकलींची रांग, हे पाहून शर्यतीची महागडी सायकल येथे उघडायला द्यावी असे पहिल्या भेटीत वाटत नाही. माझी सर्व चाके मात्र याच दुकानात बांधलेली आहेत.

रेल्वे किंवा सेनादलाच्या संघात नोकरी लागलेल्या सायकलस्वाराला पगाराची चिंता नसते. दिवसा कृषी सेवा केंद्र सांभाळून पहाटे सराव करणाऱ्या माझ्यासारख्याला बक्षिसाची रक्कम, जर्सीवर नाव छापण्याच्या बदल्यात एखाद्या जिनिंगवाल्याने केलेली मदत आणि नवख्यांना शिकवून मिळणारे चार पैसे, यांवरच वर्ष काढावे लागते. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा 600 किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करण्याच्या उपक्रमांत, नाव होते, पण ती शर्यत नसल्यामुळे बक्षीस नसते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' (रेस अक्रॉस अमेरिका) ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्यामागे गाडी आणि मदतनीसांचे पथक होते, कारण त्या शर्यतीचा नियमच तसा आहे. आमच्या मागे हे दुकान आहे, आणि म्हणूनच त्याची पारख काटेकोरपणे करणे मला आवश्यक वाटते.

चाचांचे खरे कसब चाक बांधण्यात आहे. मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, बाजूचे स्पोक अधिक उभे बसतात, त्यामुळे त्यांच्यावरचा ताण दुसऱ्या बाजूपेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. हा फरक न सांभाळल्यास आउट, म्हणजे वाकडेपणा, काढलेले चाक पहिल्याच खराब रस्त्यावर पुन्हा डुगडुगू लागते. चाचा प्रत्येक स्पोक बोटाने छेडून आवाजावरून ताण ओळखतात, मग शेजारच्या दोन-दोन स्पोकांना मुठीत धरून जोराने आवळतात, म्हणजे पिळलेले स्पोक मोकळे होऊन आपल्या जागी बसतात, आणि चाक रात्रभर टांगून ठेवून सकाळी पुन्हा तपासतात. घाई केली तर ऐकावे लागते, "आज नको नेऊ बापू हे चाक, स्पोक बसाचे हायेत अजून." मी नंतर ताणमापकाने तपासले आहे, एका बाजूच्या स्पोकांमधला फरक नगण्य निघतो. बत्तीस स्पोकांची अशी चाके वजनाने थोडी जड असतात, परंतु तळेगावच्या सत्याग्रही घाटातून उतरताना मला ग्रॅमपेक्षा भरवसा अधिक मोलाचा वाटतो.

पंक्चरच्या कामाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटा हे सायकलस्वाराचे बारमाही वैरी आहेत. ट्यूबला ठिगळ लावणे कोणालाही जमते. टायरमध्ये मोडून राहिलेले काट्याचे टोक सापडले नाही तर तीच ट्यूब दोन किलोमीटरवर पुन्हा बसते. चाचा कापसाचा बोंडाएवढा पुंजका टायरच्या आतून फिरवतात. बोटाला न जाणवणाऱ्या टोकाला कापसाचा तंतू अडकतो, आणि मग ते टोक चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढून काढले जाते. ट्यूबलेस टायरच्या वाटेला मात्र ते जात नाहीत, आणि छिद्र आपोआप बुजावे म्हणून आत घातलेले सीलंट उन्हाळ्यात किती लवकर सुकते हे पाहता मीही त्याचा आग्रह धरणे सोडले आहे.

आता उणिवा. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना, दुकानात नाही. कार्बनच्या सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, साधारण पाच न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळणे धोक्याचे असते, आणि चाचांचा हात लोखंडी सायकलींवर बसलेला आहे. म्हणून असे बोल्ट मी घरी, माझ्या पान्यानेच आवळतो. साखळीला ते सवयीने इंजिन ऑइल घालतात. काळ्या मातीची धूळ त्या जाड तेलात बसली की घासणीसारखे काम करते, साखळी लवकर ताणते आणि ताणलेली साखळी महागडी कॅसेट खाऊन टाकते. अकरा किंवा बारा गिअरांच्या सायकलीत साखळी अर्धा टक्का ताणली की बदलावी, हे मोजण्याचे छोटे गेज मी दुकानातच ठेवून दिले आहे. चाचा आता ते इतरांच्या सायकलींनाही लावतात, पण तेलाचा डबा काही हलवत नाहीत. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकचे काम येथे होत नाही. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते, स्रॅम कंपनीच्या रोड ब्रेकला डॉट हा वेगळा ब्रेकद्रव लागतो, आणि एकाच्या जागी दुसरे गेले तर सील खराब होतात. त्यामुळे खेड्यात राहून शर्यती करणाऱ्याने सायकल घेतानाच रिमवर दाबणारा साधा रिम ब्रेक आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचे बेअरिंग) निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात झळकणारे मॉडेल घेऊन प्रत्येक दुरुस्तीला नागपूर गाठणे परवडत नाही.

बिल मिळत नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. मदत करणाऱ्यापुढे वर्षाचा हिशेब मांडायचा असतो आणि चाचांचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर असतो. शेवटी मी स्वतःच पावतीपुस्तक विकत घेऊन त्यांच्याकडे दिले, त्यावर ते सही करतात. मजुरी वाजवी आहे आणि आधी सांगितल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेत नाहीत.

शाळा उघडल्यानंतरच्या दिवसांत विद्यार्थिनींच्या सायकली आधी आणि आपली नंतर, हा त्यांचा नियम आहे आणि शर्यत तोंडावर आहे असे सांगून तो बदलत नाही. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते. स्पोक आणि रिम नागपूरहून मागवावे लागतात, तेव्हा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, छिद्रांची संख्या आणि स्पोकची लांबी कागदावर लिहून द्यावी आणि शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी चाक दुकानात टाकावे.