पाच केव्हीएच्या स्टिकरखाली 2.2 केव्हीए: 78,500 रुपयांना फसलो

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. तेव्हापासून मे संपत आला की जनरेटर विकणाऱ्यांचे फावते. एका दुकानदाराने पाच केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचे माप) जनरेटर सांगून माझ्याकडून 78,500 घेतले: मशीन 72,000, चेंजओव्हर (बाहेरची वीज किंवा जनरेटर, एका वेळी एकच घराला जोडणारा स्विच) आणि वायरिंग 6,500. त्यातले 50,000 आगाऊ, तेही दुकानाच्या नव्हे, त्याच्या भावाच्या यूपीआयवर. बिल कच्चे. पक्क्या जीएसटी बिलाशिवाय एक रुपया सोडू नका.

खरा संताप येतो तो ट्रायलचा. चार एलईडी बल्ब, दोन पंखे लावले आणि म्हणतो, "बघा काका, इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला नाही." बदलणार कसा? तो लोड 200 वॅटही नव्हता! पाच केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरून चार किलोवॅट. दोन किलोवॅटचा गिझर आणि हजार वॅटच्या दोन इस्त्र्या लावून अर्धा तास चालवायला सांगायचे, मल्टिमीटरवर 230 च्या आसपास व्होल्ट टिकतात का ते पाहायचे. आणि पाच केव्हीएचे मशीन ऐंशी किलोच्या आसपास भरते, हे एकट्या पोराने टेम्पोतून उतरवले. माझ्या डोळ्यांसमोर! पण आभाळ भरून आले होते, "शेवटचा पीस" म्हणाला. त्या घाईत कोणीही पैसे दिले असते.

विहिरीचा एक एचपी पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. इंजिन दबले, पंप नुसता घुमत राहिला, त्याच्या मोटरचे वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळले. रिवाइंडिंगचे 3,200 वेगळे. मग जनरेटरच्या प्लेटवरचे स्टिकर सोलले, तर खाली 2.2 केव्हीए. अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) तारेवरचा एनॅमलचा लेप खरवडला, तर तांब्याऐवजी पांढरे ॲल्युमिनियम.

चेंजओव्हर तर बसवलाच नव्हता! वायर थेट घरच्या बोर्डात. मेन स्विच चुकून चालू राहिला तर हीच वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन 11,000 व्होल्ट होते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा 32 अँपियरचा टू-पोल चेंजओव्हर समोर उभे राहून बसवून घ्या.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. "दिवाणी बाब आहे." अहो, खोटे स्टिकर लावून विकणे दिवाणी कसे? वीज कार्यालयात वायरमनच्या जिवाचे सांगितले, तर "मीटरच्या पुढचे तुमचे तुम्ही बघा." अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. जीव त्यांच्याच माणसाचा जाणार, तरी एक शिक्का मारवत नाही!

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. यूपीआयचे स्टेटमेंट, स्टिकर आणि खालची प्लेट दोन्हींचे फोटो आणि रिवाइंडिंगची पावती जोडून तक्रार लिहून ठेवली आहे. सोमवारी दाखल करतो.