रंगासाठी तोकुशिमा, बांधणीसाठी आरिमात्सु

जपानला जाऊन हाताने कापड रंगवून बघायचं असेल, तर आधी एक ठरवा: रंग समजून घ्यायचाय की बांधणी? तासाभरात दोन्ही शिकवतो म्हणणाऱ्या ठिकाणी दोन्ही अर्धवट राहतं. रंगासाठी शिकोकू बेटावरचं तोकुशिमा गाठा, बांधणीसाठी नागोयातलं आरिमात्सु.

तोकुशिमाजवळच्या आइझुमी गावात 'आइ नो याकाता' हे संग्रहालय आहे. निळीचा व्यापार करणाऱ्या ओकुमुरा घराण्याचा हा जुना वाडा. कापडाला हात लावण्याआधी बाहुल्यांचा देखावा नीट बघा, लागवडीपासून रंगाईपर्यंतचं सगळं काम त्यात मांडलंय. नीळ इथेच का रुजली, त्याचं उत्तर योशिनो नदीत आहे. भाताची कापणी व्हायच्या आत वादळं आणि पूर यायचे, नीळ मात्र त्याआधी कापून होत असे. शिवाय पुराचा गाळ जमिनीचा कस टिकवून ठेवायचा.

रंगाचा जीव 'सुकुमो'त असतो. निळीच्या वाळलेल्या पानांचा ढीग पाणी मारून, वारंवार उलथून साधारण 100 दिवस कुजवतात. ढीग आतून वाफाळतो. थंडी पडली की त्यावर गवताच्या चटया घालतात आणि त्या चटयांना चक्क 'फुतोन', म्हणजे गादी-पांघरूण, म्हणतात. हा सुकुमो रांजणात लाकडाच्या राखेच्या पाण्यात कालवून त्यात गव्हाचा कोंडा आणि चुना घालतात. कोंडा हे रंग आंबवणाऱ्या जंतूंचं खाद्य, चुना पाण्याचा क्षार टिकवतो. क्षार उतरला की विरजण नासावं तसा अख्खा रांजण नासतो. पाण्यावर जांभळट-निळा, तांब्यासारखी झाक मारणारा फेस धरला की रांजण तयार. या फेसाला 'आइ नो हाना', निळीचं फूल, म्हणतात. कापड घालण्याआधी तो बाजूला सारायचा, नाहीतर डाग पडतात.

आता बुडवणी. कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून पिळून घ्या. कोरडं कापड रंग ठिपक्याठिपक्यांनी पितं आणि घड्यांत हवा अडकते. रांजणात ते हळूच, कडेने सरकवायचं. बदकन टाकलं की बुडबुडे जातात, त्यातला प्राणवायू विरघळलेल्या निळीला पुन्हा न विरघळणारी करतो आणि ती कापडावर नुसती पुटासारखी बसते. पुढे हाताला, शर्टाला रंग लागतो तो याच पुटाचा. मिनिटभर पाण्याखालीच कापड चोळायचं, घड्यांची तोंडं बोटांनी उघडायची, पाण्याखालीच पिळून बाहेर काढायचं.

बाहेर येतं तेव्हा ते हिरवट-पिवळं असतं. कडा आधी निळ्या होतात, घड्यांच्या आत हिरवं रेंगाळतं. ते पूर्ण निळं होईपर्यंत उलगडून हवा द्या, मगच पुढची बुडी. बहुतेक पर्यटक नेमके इथेच घाई करतात. एका बुडीनंतर जो जेमतेम निळा येतो त्याला 'कामेनोझोकी', म्हणजे रांजणात नुसतं डोकावलेला, असं नाव आहे. पाचसहा बुड्यांनंतर खरा निळा दिसू लागतो. ओलं कापड नेहमी गडद भासतं, वाळल्यावर छटा उतरते, म्हणून 'आता पुरे' वाटलं की आणखी एक बुडी द्या. रुमाल घेतलात तर नक्षी साधी ठेवा आणि वाचलेला वेळ बुड्यांना द्या.

रांजण खरंच आंबवलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. 'हाइदोरो वापरता का?' एवढं पुरे. हाइदोरो म्हणजे हायड्रोसल्फाइट. त्याने नीळ झटपट विरघळते आणि दिवसभर गर्दी झाली तरी रांजण थकत नाही. ती काही लबाडी नव्हे, मात्र तसं उघड सांगितलेलं असावं. नुसत्या आंबवणीचा रांजण जास्त कापडं बुडवली की दमतो आणि त्याला विश्रांती लागते, त्यामुळे अशा ठिकाणी सकाळची पहिली वेळ घ्यावी.

घरचा टी-शर्ट न्यायचा तर सुती किंवा लिननचाच. नवा असेल तर आधी धुऊन खळ काढा. शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असली तर ती पांढरीच राहणार. नक्षीसाठी बांधलेला रबरबँड सैल पडला की रंग खालून शिरतो आणि पांढरं गढूळ होतं. घड्या फार झाल्या तर उलटं: आतले थर कोरे राहतात. हातमोजे फाटके निघाले तर आठवडाभर निळी नखं मिरवायची तयारी ठेवा. पैसे रोखही जवळ असू द्या. 2024 साली आलेल्या 10,000 येनच्या नोटेवर उद्योगपती शिबुसावा एइइची आहेत आणि त्यांच्या घरी शेतीबरोबर निळीचाच धंदा होता.

आरिमात्सुला नागोया स्थानकातून मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने साधारण 20 मिनिटं लागतात. सगळ्या जलद गाड्या इथे थांबत नाहीत, फलक बघून चढा. 1608 साली एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो या जुन्या तोकाइदो रस्त्यावर हे गाव वसवलं गेलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बांधणीचे रुमाल विकून वाढलं. बांधणीचे इथे शंभराहून अधिक प्रकार निघाले. आरिमात्सु-नारुमी शिबोरी काइकानमध्ये (शिबोरी म्हणजे बांधणी, काइकान म्हणजे भवन) कारागीर बायका समोर बसून बांधतात. त्यांच्या हाताकडे दहा मिनिटं बघा, मग स्वतः दोरा धरा. कोळ्याच्या जाळ्याच्या 'कुमो' बांधणीत कापडाचं टोक आकड्यात अडकवून ताणतात आणि बारीक चुण्या गोळा करत खालून वर दोरा गुंडाळतात. चुण्या सारख्या नसल्या की जाळं एका बाजूला फाटतं. दोऱ्याचा ताण मध्येच सुटला तर वर्तुळ तुटतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

बांधलेलं कापड तिथेच रंगवून मिळेल हे गृहीत धरू नका. काही ठिकाणी तुम्ही फक्त बांधायचं, रंगवून ते नंतर टपालाने पाठवतात. परदेशी पत्त्यावर पाठवतात का, हे आरक्षण करतानाच विचारा. त्याच दिवशी हातात हवं असेल तर 'सेक्का', म्हणजे हिमफूल, निवडा. कापडाची लांब चुणीदार घडी, तिचे त्रिकोण, दोन्ही बाजूंना फळ्या घट्ट, मग फक्त कडा रंगात. रंग बऱ्याचदा कृत्रिम असतो आणि ते इथे चालतं, कारण कडा लख्ख उमटतात. ही सुंदर नक्षी एकेकाळी बाळांच्या लंगोटांवर असायची!

क्योतोतली साच्याची 'यूझेन', म्हणजे कापडावर रंगीत चित्रं उमटवायची रंगाई, छान दिसते, पण खळ, वाफ आणि धुणं ही खरी कसोटी कारागिरांकडेच राहते. पर्यटकाच्या वाट्याला ब्रश येतो. मुलं बरोबर असतील तर ठीक.

परतताना ओलं निळं कापड पिशवीत बांधून रात्रभर ठेवू नका, हॉटेलवर पोचताच सावलीत पसरा. पहिल्या काही धुण्यांत ते वेगळं धुवा, ब्लीच नको. पिवळट डाग दिसले तर कोमट पाण्यात खळबळा, तो उरलेला मळ असतो आणि निघून जातो.