जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ॲडिटिव्हची बाटली ओतून बघितली

गाडी १४ वर्षांची, साधा ४ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक, तक्रारी तीन. सकाळी थंड गाडी पी मधून डी मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धप्पकन गिअर पडायचा. ६०-७० च्या स्पीडला ॲक्सिलरेटर हलका धरला की रम्बलरवरून चालल्यासारखी थरथर. आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच वर पळायचा, गाडी मात्र ढिम्म.

थरथर टायरची असेल म्हणून आधी बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य. मग एक युक्ती कळली, मागे कोणी नसताना ब्रेक पेडल नुसतं टेकवायचं, ब्रेक लाइट लागेल इतकंच, त्याने लॉकअप क्लच, म्हणजे ठराविक स्पीडला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच, सुटतो. टेकवलं आणि थरथर जागच्या जागी बंद! म्हणजे दोष त्या क्लचकडे, टायर बिचारे निर्दोष.

ॲडिटिव्हच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये वरून मिसळायच्या औषधाच्या, बाटलीत दोन गोष्टी असतात, एक म्हणजे कडक झालेले रबरी सील थोडे फुगवून मऊ करणारं केमिकल आणि दुसरं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे क्लच थरथर न होता पकडावा म्हणून घालतात ते केमिकल, जे ऑइलमध्ये मुळात असतंच पण वर्षानुवर्षं तापून संपत जातं. माझं ऑइल लालाचं तपकिरी झालेलं पण जळका वास नव्हता, म्हणून म्हटलं करून बघू. जळका वास येत असेल तर बाटलीच्या नादी लागूच नका.

आता माझा गाढवपणा ऐका. लेव्हल आधीच फुल होती आणि मी त्यावरच बाटली ओतली. लेव्हल खुणेच्या वर गेली तर ऑइलला फेस येतो आणि हवा मिसळलेल्या ऑइलने प्रेशर नीट बनत नाही, त्यामुळे मग सिरिंजला बारीक नळी लावून डिपस्टिकच्या पाइपातून ओढत बसलो, पाऊण तास, हात कोपरापर्यंत तेलकट. आणि जे काढलं त्यात नुकतं ओतलेलंही असणारच की. आधी बाटलीएवढं ऑइल काढा, मग ओता. लेव्हल गाडी गरम करून बघायची, इंजिन चालू का बंद ते मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्या गाड्यांना एकच पद्धत नाही.

साधारण ३०० किमीनंतर सकाळचा उशीर जेमतेम सेकंदावर आला, थरथर मुद्दाम शोधली तरच सापडते. आरपीएम पळणं मात्र जसंच्या तसं, तिथे बहुतेक क्लच प्लेटचं अस्तरच झिजलंय, ते बाटलीतून कसं येणार.

राग आला तो लेबलवर. सगळ्या ट्रान्समिशनला चालतं म्हणे! सीव्हीटीचं (ठराविक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) फ्लुइड वेगळं असतं, तिथे बेल्ट आणि पुलीची पकड हाच सगळा खेळ, त्यात असलं काही ओतायला माझी तरी हिंमत नाही.

दोन महिन्यांनी ऑइल बदललं. ड्रेन केल्यावर सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून पंधरा दिवसांनी परत एकदा केलं. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये धातूचा चुरा पकडायला मॅग्नेट असतो, त्यावर ओल्या राखेसारखी पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते, जीव भांड्यात पडला. नव्या ऑइलवर उरलीसुरली थरथरही गेली, आणि तेव्हा वाटलं की हे आधी केलं असतं तर बाटली लागलीच नसती बहुतेक. ५ पैकी ३ स्टार, तेही सकाळच्या त्या उशीरासाठी. दुसरी बाटली डिकीत पडून आहे, सील फोडलेलं नाही.