गुणांचं ॲप, कौतुकाची चौकट : दोन सेमिस्टर वापरल्यावर

कार्यक्रमांना हजर राहिल्याबद्दल विद्यार्थ्यांना गुण देणारं हे ॲप आमच्या महाविद्यालयाने घ्यायचं ठरवलं, त्या बैठकीला मी नव्हते. बैठकीला जो नसतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तसं ‘विद्यार्थी सहभाग समन्वयक’ हे पद माझ्याकडे आलं. मी संख्याशास्त्र शिकवते. उत्साह मोजायचाय तर मोजमापवालीच बरी, असं कुणाला तरी वाटलं असावं. आता नूतनीकरणाचं पत्र टेबलावर आलंय आणि दुसऱ्या महाविद्यालयांतले ओळखीचे विचारतायत, घेण्यासारखं आहे का? कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारची आणखी दोन-तीन ॲप चाळली, ती साधारण याच साच्यातली निघाली.

रचना सोपी आहे. कॅम्पसवरचा प्रत्येक कार्यक्रम ॲपवर टाकायचा, दारावर क्यूआर कोड चिकटवायचा, मुलांनी स्कॅन केलं की गुण जमा. गुणांवरून कांस्य, रौप्य, सुवर्ण बॅज. सलग हजेरीला जादा गुण. आणि सगळ्यांना दिसेल असा लीडरबोर्ड. शिवाय क्लबांची पानं, कॅलेंडर आणि खाली कोपऱ्यात ‘कौतुक’ नावाची एक चौकट, जी मी पहिला महिनाभर उघडलीसुद्धा नाही.

कॅलेंडर उत्तम. पूर्वी सूचना डझनभर ग्रुपांवर फिरायच्या आणि ज्याला हवी त्यालाच मिळायची नाही. तेवढा त्रास खरोखर संपला.

गुणांची गोष्ट वेगळी. तिसऱ्या आठवड्यात एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. माझ्या स्क्रीनवर १४० हजर, सभागृहात मोजून ३२ डोकी. कोडचा फोटो कधीच ग्रुपवर पोचला होता आणि मुलं घरबसल्या रौप्यपदकाकडे निघाली होती. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं : दर काही सेकंदांनी बदलणारा कोड वापरा आणि लोकेशनची परवानगी सक्तीची करा. केलं. मग मुलं येऊन स्कॅन करायची आणि मागच्या दाराने निघून जायची. (मनातल्या मनात मी दाद दिली, हे कबूल करते.) माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप उरत नाही, हा चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम. मी तो वर्गात शिकवते आणि इथे स्वतःच त्यात अडकले.

लीडरबोर्डने तर नुकसानच केलं, असं माझं मत झालंय. महिन्याभरात पहिली दहा नावं ठरून गेली. ती दहाही मुलं ॲप नसतं तरी प्रत्येक कार्यक्रमात पुढेच असती. खालच्यांनी मात्र ॲप उघडणं सोडलं. दोनशेसतराव्या क्रमांकावरून दोनशेनवाव्यावर जाण्यात कुणाला काय रस? शिवाय बहुतेक कार्यक्रम तास संपल्यावर. ज्यांना शेवटच्या तासानंतर धावत गाडी पकडायची असते किंवा अर्धवेळ कामावर जायचं असतं, त्यांच्या खात्यात शून्य. माझ्या वर्गातली एक मुलगी सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी अर्धा तास येऊन पहिल्या वर्षाच्या मुलांना आलेख काढायला शिकवते. ॲपच्या लेखी ती ‘निष्क्रिय सदस्य’. खरंच, तिच्या नावापुढे तसा करडा ठिपका होता.

यात नवल नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. पुढे डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. त्यात आमच्या कामाची एक गोष्ट सापडते : ठरवून दिलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आवड घटते, पण शब्दांतल्या शाबासकीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आवड वाढते. अट एकच, त्या शाबासकीला ‘आता असंच करत राहायचं हं’ असा दाबाचा वास नको.

हे वाचल्यावर मी ती कोपऱ्यातली चौकट उघडली. आत तयार वाक्यं होती : ‘छान काम!’, ‘तुझा अभिमान वाटतो!’ अशी सहा, सोबत टाळ्यांचं चित्र. पहिली काही मीच पाठवली आणि कुणीही दखल घेतली नाही. बरोबरच आहे. ते वाक्य कुणालाही जाऊ शकतं, हे मुलांना कळतं. मग खालचं ‘स्वतः लिहा’ सापडलं. त्या आलेखवाल्या मुलीला लिहिलं, ‘मंगळवारी तू अक्षावरची मापं त्या मुलाला सांगितली नाहीस, त्याचं त्याला शोधू दिलंस. मी दारातून पाहत होते.’ दुसऱ्या दिवशी ती तासानंतर थांबली. आभार वगैरे काही नाही. म्हणाली, “मॅडम, तुम्ही किती वेळ उभ्या होतात?” आणि मग वीस मिनिटं बोलत बसली. तीन सेमिस्टरमध्ये पहिल्यांदाच.

खरी अडचण पुढे आली. असं पाहणारी माणसं शिक्षक कमी आणि इतरच जास्त असतात. कोण उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतं, कोण मित्राचं पुस्तक आठवणीने परत करतं, हे ग्रंथालयातल्या मावशींना माहीत. ब्युरेट फुटल्यावर कोण पळतं आणि कोण काचा गोळा करतं, हे प्रयोगशाळेतल्या काकांना. ॲपमध्ये मात्र दोनच भूमिका : ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’. चार मेल, दोन फोन झाले. शेवटी मावशींचं खातं ‘अतिथी प्राध्यापक’ म्हणून उघडलं. मावशी चिडल्या नाहीत, उलट आठवडाभर सगळ्यांना ते सांगत होत्या. टाइप करण्याऐवजी त्या बोलून मजकूर घालतात, त्यामुळे विरामचिन्हं नसतात. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मुलांनी सर्वांत जास्त उत्तरं दिली ती त्यांच्याच संदेशांना.

बारीकसारीक तक्रारी : प्रमाणपत्रावर देवनागरी नाव छापताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, त्यामुळे ‘नि’ने नाव सुरू होणाऱ्या साऱ्या मुली हिरमुसल्या. नोटिफिकेशन रात्री अकरालाही येतात. माहिती एक्सेलमध्ये नीट उतरवून घेता येते, तो मुद्दा कंपनीच्या बाजूने. लोकेशनची सक्ती आम्ही नंतर काढून टाकली. मुलं कुठे आहेत हे आम्हाला चोवीस तास कळायचं काहीच कारण नव्हतं.

लीडरबोर्ड बंद करायचं बटण सेटिंगमध्ये नाही, ते कंपनीकडून करवून घ्यावं लागतं. झालं तेव्हा वरच्या दहांपैकी दोघं भांडायला आली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर पाचपैकी अडीच तारे. एक कॅलेंडरला, दीड त्या चौकटीला. घेणार असाल तर करार करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा : लीडरबोर्ड आपल्या हातून बंद करता यावा आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना खातं मिळावं. आमचं नूतनीकरण मी याच दोन अटींवर अडवून ठेवलंय. कंपनीने तिसरीच गोष्ट देऊ केली : समन्वयकांसाठी हिरक बॅज.